संबंधात्मक फलनसंग्रह

कोष्टकरूप माहितीची साठवण, छाननी व जुळणी करणारी फलने आणि त्यांना लागणारे माहितीप्रकार यांचा, कोणत्याही आज्ञावलीत तयार वापरता येईल असा संच. संगणक-व्यवहारात अशा तयार संचास लायब्ररी म्हणतात. हा संच फलनीय भाषेत, म्हणजे जिच्यात आज्ञावली ही आज्ञांची मालिका नसून फलनांची गुंफण असते अशा भाषेत रचावयाचा असेल, तर रचनाकारापुढे प्रथम एक प्रश्न येतो. दोन कोष्टकांची जुळणी चुकीची मांडली गेली, तर ती चूक प्रत्यक्ष माहिती हाती येण्यापूर्वीच, आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होत असताना, उघडी पडेल काय? संग्रहाची बहुतेक रचना या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून ठरते.

संबंधात्मक प्रतिमान ई. एफ्. कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडले. ते जन्माने ब्रिटिश असून त्या वेळी अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. या प्रतिमानात संबंध म्हणजे समान रचनेच्या पंक्तींचा संच होय. प्रत्येक संबंधाला एक शीर्ष असते. त्यात स्तंभांची नावे व प्रत्येक स्तंभात कोणत्या प्रकारचे मूल्य येईल हे दिलेले असते. निवड, प्रक्षेप, जोड, संयोग, अंतर व नामांतर या क्रिया संबंधांवर केल्या असता पुन्हा संबंधच मिळतो. म्हणून एका क्रियेचे फलित दुसरीला देता येते [⟶ संच सिद्धांत]. फलनीय भाषांचा उगम अलोन्झो चर्च यांनी १९३०–४० या दशकात रचलेल्या लॅम्डा कलनात आहे. जॉन मॅकार्थी यांची लिस्प, रॉबिन मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरो येथे १९७०–८० या दशकात विकसित केलेली एम्एल् आणि १९९० मध्ये जिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला ती हास्केल या त्यांतील ठळक भाषा होत. शुद्ध फलनीय भाषेत चलाला एकदा दिलेले मूल्य बदलत नाही आणि तेच आदान दिले असता फलन नेहमी तेच प्रदान देते. कॉड यांचे बीजगणितही असेच मूल्यांवर चालते. दोहोंचे हे साम्य वरवरचे नाही. बीजगणितातील नियम आज्ञावलीत जसेच्या तसे वापरता यावेत यासाठी नेमका हाच गुण लागतो.

दोन्ही विचारधारा जुळविण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले. पीटर ब्यूनमन व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये एफ्‌क्यूएल् ही फलनीय पृच्छाभाषा मांडली. पुढे आत्सुशी ओहोरी, ब्यूनमन व व्हाल ब्रेझू-टॅनेन यांच्या मॅकिआव्हेली या भाषेत (१९८९) कोष्टकांच्या जोडीचा प्रकार भाषांतरकानेच ओळखावा अशी सोय झाली. फिल ट्रिंडर व फिलिप वॉडलर यांनी गणितात संच लिहिण्याच्या पद्धतीसारखी यादीरचना पृच्छेसाठी सोयीची ठरते, हे दाखवून दिले. डान लेइयेन व एरिक मेयर यांनी १९९९ मध्ये वर्णन केलेला हास्केलडीबी हा संग्रह, आणि २००७ मध्ये सी शार्प व व्हिज्युअल बेसिक या भाषांत आलेली लिंक ही सोय, या कल्पनांतूनच पुढे आली. लिंकमुळे ही विचारसरणी फलनीय भाषा न वापरणाऱ्या असंख्य आज्ञावलीकारांपर्यंत पोचली. त्यांतील अनेकांना तिचे मूळ ठाऊक नसते.

महसुली दप्तराचे उदाहरण : या रचनेतील अडचणी अमूर्त कोष्टकांवर समजावून घेण्यापेक्षा परिचित दप्तरावर समजावून घेणे अधिक सोपे जाते. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याच्या कोणत्याही गावाचे महसुली दप्तर त्यासाठी घेता येईल. (येथे विचार गाव नमुन्यांच्या रचनेचा आहे, शासकीय संगणक प्रणालीचे हे वर्णन नव्हे.) गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख असून त्यात गट क्रमांक, क्षेत्र, आकार व भोगवटादार यांची नोंद असते. नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. हे दोन्ही एकत्र मिळून सातबारा होतो. नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखविलेल्या असतात आणि नमुना सहा ही फेरफार नोंदवही असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे जुळणीत गळालेली पंक्ती ही केवळ तांत्रिक उणीव राहत नाही. पीक कर्ज, नुकसानभरपाई व वारसा या गोष्टी त्या पंक्तीवर अवलंबून असतात.

शीर्ष व माहितीप्रकार : वरील नमुने संबंध म्हणून मांडताना पहिली अडचण क्षेत्राच्या मापनाची येते. निलंगा भागातील जुन्या कागदांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत, तर आजच्या अभिलेखात हेक्टर-आरमध्ये असते. जुन्या कागदावरील ‘२-३०’ याचा अर्थ २ एकर ३० गुंठे, म्हणजे ११० गुंठे, अर्थात सुमारे १.११ हेक्टर असा होतो. हीच नोंद २.३० अशी दशांश संख्या म्हणून यंत्रात गेली व तिला हेक्टर समजले गेले, तर जमीन कागदावर दुपटीहून अधिक होते. दोन्ही मूल्ये यंत्राच्या दृष्टीने संख्याच असल्याने त्यांची बेरीजही बिनबोभाट होते. फलनीय भाषेत ‘एकर-गुंठे’ व ‘हेक्टर-आर’ असे दोन स्वतंत्र प्रकार करता येतात. मग एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे फलन मध्ये घातल्याशिवाय त्यांची बेरीज भाषांतरक स्वीकारीतच नाही.

याहून सूक्ष्म अडचण नैसर्गिक जोडीत आहे. नैसर्गिक जोडीत दोन संबंधांतील समान नावाचे सर्व स्तंभ आपोआप जुळविले जातात. नमुना सातमध्ये ‘क्षेत्र’ आहे आणि नमुना बारामध्येही ‘क्षेत्र’ आहे. मात्र पहिले गटाचे, तर दुसरे त्या गटातील एका पिकाचे असते. समजा, ११२ क्रमांकाचा गट १.६० हेक्टरचा असून त्यात १.१० हेक्टर सोयाबीन व ०.५० हेक्टर तूर आहे, आणि ११३ क्रमांकाच्या ०.८० हेक्टरच्या गटात सर्वत्र सोयाबीनच आहे. गट क्रमांक व क्षेत्र या दोहोंवर जोड केली असता ११३ हा गट यादीत राहतो आणि ११२ नाहीसा होतो. ज्याच्या शेतात दोन पिके आहेत तो खातेदार यादीतून गळतो, एकच पीक घेणारा मात्र राहतो. यादी रिकामी नसते, बेरीज संशयास्पद दिसत नाही आणि यंत्र कोणतीही चूक दाखवीत नाही. अशी चूक हुडकणे किती कठीण असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. धारण क्षेत्र व पीक क्षेत्र हे वेगळे प्रकार केले असतील आणि समान नावाच्या स्तंभांचे प्रकारही समान असलेच पाहिजेत असा नियम संग्रहात असेल, तर हीच जोड भाषांतराच्या वेळी नाकारली जाते. आज्ञावलीकाराला एका स्तंभाचे नामांतर करावे लागते. नामांतर करताना आपण काय जुळवीत आहोत याचा त्याला विचारही करावा लागतो.

ही सोय फुकट मिळत नाही. जोडीच्या फलिताचे शीर्ष दोन्ही आदानांच्या शीर्षांवरून ठरते. म्हणून ‘कोणतेही दोन संबंध घेणारे’ असे सर्वसाधारण फलन लिहावयाचे असेल, तर स्तंभांच्या यादीवरच प्रकारांच्या पातळीवर गणन करावे लागते. मिचेल वँड यांनी १९८७ मध्ये अभिलेखांच्या प्रकारांसंबंधी केलेले कार्य या दिशेने महत्त्वाचे आहे. एम्एल् कुलातील बहुतेक भाषांत अशी सोय मूळची नाही. हास्केलमध्ये ती भाषेच्या विस्तारांनी साधावी लागते. परिणामी एका स्तंभाचे नाव चुकले तरी भाषांतरक पानभर संदेश देतो आणि त्यात चुकलेले नाव कोठेतरी दडलेले असते. ज्या संग्रहाचे दोषसंदेश त्याच्या रचनाकारालाच वाचता येतात, तो संग्रह कितीही शुद्ध असला तरी वापरात येत नाही. या कारणास्तव काही रचनाकारांनी शीर्षाची तपासणी आज्ञावली चालू झाल्यावर करण्याचा मध्यम मार्ग पत्करला आहे. लहान कामांसाठी तो गैर म्हणता येणार नाही. वर सांगितलेल्या स्वरूपाच्या अभिलेखांसाठी मात्र तो अपुरा पडतो.

पंक्तींची ओळख : संबंध हा संच असल्याने त्यात एकच पंक्ती दोनदा येऊ शकत नाही. एका खातेदाराचे ०.८० हेक्टरचे दोन गट असतील आणि प्रथम केवळ क्षेत्राचा स्तंभ प्रक्षेपाने काढून मग बेरीज केली, तर दोन समान पंक्तींची एकच होऊन १.६० ऐवजी ०.८० हेक्टर येतात. एस्‌क्यूएल् या रूढ पृच्छाभाषेने समान पंक्ती राहू देऊन ही अडचण टाळली, परंतु संचाचे बरेच नियम त्यात गमावले. फलनीय संग्रहात दुसरा उपाय आहे : बेरीज करणाऱ्या फलनाला संपूर्ण पंक्ती द्यावयाच्या आणि पंक्तीतून क्षेत्र काढून घेणारे फलन हे त्याचे दुसरे आदान करावयाचे. मग प्रक्षेपाची गरज उरत नाही व काही गळतही नाही.

व्यक्तींची ओळख नावावरून ठरवू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. निलंग्यासारख्या भागात त्याचे कारण विशेष ठळक दिसते. हैदराबाद संस्थानात दप्तराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीतून देवनागरीत येताना एकच नाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाऊ शकते, आणि एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्तीही असतात. पहिल्या प्रकारात एका व्यक्तीचे दोन खातेदार होतात, तर दुसऱ्यात दोन व्यक्ती एकात मिसळतात. म्हणून खाते क्रमांक हाच ओळखीचा स्तंभ मानावा लागतो. तो केवळ संख्या म्हणून न ठेवता त्याचाही स्वतंत्र प्रकार केल्यास गट क्रमांकाच्या जागी चुकून खाते क्रमांक देणे अशक्य होते. नसलेल्या मूल्यांबाबतही असेच आहे. एस्‌क्यूएल्‌मधील रिक्त मूल्यामुळे खरे व खोटे यांच्याबरोबर ‘अज्ञात’ हे तिसरे सत्यमूल्य येते आणि साध्या अटींचेही अर्थ निसटतात. फलनीय भाषेत ‘मूल्य आहे’ किंवा ‘मूल्य नाही’ असा द्विपर्यायी प्रकार असतो. तो वापरला की दोन्ही पर्यायांत काय करावयाचे हे लिहिणे भाग पडते.

अट : फलन की पदावली? निवड या क्रियेला एक संबंध व एक अट लागते. फलनीय भाषेत फलन हेच मूल्य असल्याने अट म्हणून एखादे फलन देणे ही सर्वांत सहज रचना होय. ती शिकवावयास सोपी व लिहावयास सुटसुटीत आहे. परंतु दिलेले फलन ही बंद पेटी असते. पंक्ती देऊन तिच्यातून होकार वा नकार मिळविता येतो. आत कोणते स्तंभ वापरले आहेत, हे पाहता येत नाही. येथे एक मोठा लाभ हातचा जातो. समजा, गावात १,००० गट व भोगवटादारांच्या ३,००० नोंदी आहेत. प्रत्येक गटाची प्रत्येक नोंदीशी तुलना केली, तर ३० लक्ष तुलना होतात. गट क्रमांकाची सूची आधी तयार केली, तर सुमारे ४,००० पायऱ्यांत काम भागते. आणि पृच्छा केवळ ११२ या गटाविषयी असेल, तर निवड आधी करून जोड नंतर करणे सर्वांत स्वस्त पडते. अटीत फक्त पहिल्या संबंधाचे स्तंभ असतील, तर निवड व जोड यांचा क्रम बदलता येतो, असा बीजगणिताचा नियमच आहे. पण अट बंद पेटीत असेल, तर हा नियम लागू आहे की नाही हे संग्रहाला कळणार कसे?

यावर उपाय म्हणजे अट फलन म्हणून न घेता पदावली म्हणून, म्हणजे तिचा रचनावृक्ष हेच मूल्य मानून घेणे. ‘गट क्रमांक ११२ शी समान’ हे वाक्य मग यंत्राला वाचता येते, त्याची फेरमांडणी करता येते, किंवा त्याचे एस्‌क्यूएल्‌मध्ये भाषांतर करून दूरच्या माहितीपेढीकडे ते धाडता येते. हास्केलडीबीने हाच मार्ग घेतला. त्याची किंमत अशी, की भाषेतील प्रत्येक फलन अटीत वापरता येत नाही. ज्यांचे भाषांतर संग्रहाला माहीत आहे तेवढीच वापरता येतात. सहजता व पारदर्शकता यांतील ही निवड टाळता येत नाही. मध्यम आकाराच्या, यंत्राच्या स्मृतीत मावणाऱ्या माहितीसाठी फलन पुरेसे आहे; माहिती दूरच्या पेढीत असेल तर पदावलीला पर्याय नाही. दोन्ही रूपे एकाच संग्रहात देण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात वापरणाऱ्याला आपली पृच्छा कोणत्या वाटेने जाते हे कळेनासे होते आणि एका पृच्छेच्या जागी गटागणिक एक अशा १,००१ पृच्छा पेढीकडे जात असल्याचे बऱ्याच उशिरा ध्यानात येते. जेम्स चेनी, सॅम लिंडली व वॉडलर यांनी २०१३ मध्ये, ठराविक प्रकारच्या पृच्छांचे नेमक्या एकाच एस्‌क्यूएल् पृच्छेत रूपांतर होईल याची हमी देणारी पद्धत मांडली.

हाच प्रश्न उलट बाजूनेही हाताळला गेला आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील एस्. सुदर्शन हे माहितीपेढ्यांवरील एका जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे, आब्राहम सिल्बरशॅट्स व हेन्री कॉर्थ यांच्यासह, सहलेखक आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेहमीच्या आज्ञामूलक भाषेतील आवर्तने तपासून त्यांच्याशी समतुल्य एस्‌क्यूएल् काढण्याची रीत दिली आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की मधल्या टप्प्यावर आवर्तनाचे रूपांतर एका फलनीय पदावलीत केले जाते. यादीतील एकेक घटक क्रमाने घेऊन आधीच्या फलितात मिसळीत जाणाऱ्या संचयी फलनावर ती आधारलेली असते. आवर्तन त्या रूपात आल्यावरच बीजगणिताचे नियम त्याला लावता येतात.

फेरफार व काल : मूल्ये बदलत नसतील, तर बदलत्या जगाची नोंद कशी ठेवावयाची, असा आक्षेप फलनीय भाषांवर घेतला जातो. महसुली दप्तराने या आक्षेपाला संगणकाच्या कितीतरी आधी उत्तर दिलेले आहे. कागदी सातबाऱ्यावर नाव कमी करावयाचे झाल्यास ते खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस करीत, नवे नाव खाली लिहीत आणि शेजारी फेरफार क्रमांक घालीत. मूळ घटना नमुना सहामध्ये क्रमाने नोंदलेली असे. म्हणजे आजचा नमुना सात हा मूळ अभिलेखावर सर्व फेरफार ओळीने लावले असता मिळणारे फलित, अर्थात वर उल्लेखिलेल्या संचयी फलनाचेच प्रदान होय. नमुना आठ-अ हा नमुना सातमधील पंक्तींचे खात्यानुसार केलेले गटीकरण आहे. तो स्वतंत्र साठविला तर दोहोंत तफावत पडू शकते. प्रत्येक वेळी गणनाने काढला तर पडू शकत नाही. फेरफार नोंद घातल्याबरोबर लागू होत नाही. हितसंबंधितांना सूचना देऊन, हरकत आल्यास तिचा निकाल करून ती प्रमाणित व्हावी लागते. सामान्यतः हे काम मंडळ अधिकारी करतात. संग्रहात ‘नोंदलेला फेरफार’ व ‘प्रमाणित फेरफार’ हे दोन प्रकार करून संचयी फलन फक्त दुसराच स्वीकारील असे केले, की अप्रमाणित फेरफाराने कोणाचे नाव कमी होण्याची वाट बंद होते.

प्रत्येक बदलानंतर नवा संबंध तयार होत असला, तरी सर्व पंक्तींची नक्कल करावी लागत नाही. संबंध समतोल वृक्षाच्या रूपात ठेवला असेल, तर १० लक्ष पंक्तींपैकी एक बदलताना मुळापासून त्या पंक्तीपर्यंतच्या सुमारे २० गाठी नव्या कराव्या लागतात. उरलेला वृक्ष जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांना सामाईक राहतो. जुनी आवृत्ती अशी हाताशी राहत असल्याने ‘अमुक दिवशी अभिलेख काय होता’ हे विचारता येते. निलंग्याच्या बाबतीत हा प्रश्न नित्याचा आहे. हा तालुका हैदराबाद राज्यात बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून तो मुंबई राज्यात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात आला. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून नव्या लातूर जिल्ह्यात. तेव्हा ‘तालुक्यावरून जिल्हा ठरतो’ हे अवलंबन दिनांक विचारात घेतल्याशिवाय खरे ठरत नाही. १९५० मधील कागद लातूर जिल्ह्याच्या नावाने शोधणाऱ्या पृच्छेला उत्तर मिळणार नाही आणि ते न मिळणे बरोबरच आहे. चूक शीर्षात कालावधीचे स्तंभ न ठेवणाऱ्या रचनाकाराची असते.

वंशावळ : वारस नोंदीत मृत खातेदाराचे सर्व वंशज शोधावे लागतात. मुले, त्यांची मुले, पुढची पिढी असे किती वेळा जावे लागेल, हे आधी ठाऊक नसते. आल्फ्रेड एहो व जेफ्री उलमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले, की कॉड यांच्या मूळ बीजगणितात ही पृच्छा मांडताच येत नाही, कारण त्यात क्रियांची संख्या आधीच निश्चित करावी लागते. फलनीय भाषेत पुनरावर्ती फलन ही स्वाभाविक गोष्ट असल्याने येथे संग्रहाचे पारडे जड होते. ज्ञात वंशजांच्या संबंधाची ‘पालक–अपत्य’ या संबंधाशी जोड करावयाची, फलित मूळ संबंधात संयोगाने मिळवावयाचे आणि नवी पंक्ती येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावयाचे. व्यक्तींची संख्या मर्यादित असल्याने ही क्रिया केव्हा तरी थांबतेच. नोंदीत चुकून एखादी व्यक्ती स्वतःचीच वंशज ठरली असली, तरी संचात समान पंक्ती दोनदा येत नसल्याने ती थांबते; समान पंक्ती राहू देणाऱ्या रचनेत अशा नोंदीवर ती अखंड चालू राहते.